मेन स्विचपाशी

"गीझर काढायचा तर मेन बंद करावा लागेल," मी मामाजींना म्हटलं.

ते ओसरीवर आपल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेताच त्यांनी विचारलं, "त्याचं बटन बंद करून भागत नाही का?"

"नाही. त्याला प्लग नाही. वायर सरळ भिंतीतून आलेली आहे. हात घालायच्या आधी मेन बंद पाहिजे."

"म्हणजे पंखाही बंद."

"थोडा वेळ."

त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. चैत्र लागला होता आणि परतवाड्याचं ऊन तेव्हाही कोणाला सोडत नसे. "बाकीचं काढून घे आधी," ते म्हणाले, "गीझरचं शेवटी पाहू." आणि पान उलटलं.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं होऊन गेली. माझं आणि सुधाकरचं कोर्टातून वेगळं होणं झालं होतं, भांडणतंटा न करता. त्याचं मन दुसरीकडे लागलेलं होतं. ते मला कळलेलं होतं आणि मला कळलं हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानंतर एका घरात आम्ही जे दिवस काढले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेल्या वस्तू मी परत न्यायच्या, असं दोन्हीकडच्या वकिलांनी ठरवलं आणि त्यासाठी मी त्या दिवशी सासरी आले होते. माझा भाऊ गजू टेम्पो घेऊन दुपारनंतर येणार होता. सुधाकर सकाळीच लाकडाच्या डेपोवर निघून गेला होता. ते बरंच झालं.

वस्तू सोडवायला माणूस आणायची मला गरज नव्हती. वर्ध्याला माझ्या वडिलांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की मी तिथेच. पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला, वर्गात मुलगी मी एकटीच. लग्नात वडिलांनी फ्रिज दिला, वॉशिंग मशीन दिलं, गीझर, मिक्सर आणि कूलर दिला, आणि या घरात त्या सगळ्यांची जोडणी मीच माझ्या हातांनी केली होती. नवी नवरी स्टुलावर चढून भिंतीत ड्रिल मारते म्हणून गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. सुधाकरलाही तेव्हा कौतुक वाटलं होतं.

या घरात विजेवर मात्र हुकूम चालायचा तो मामाजींचाच. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजींचं नाव पुंडलिकराव गुल्हाने, गावात मान असलेला माणूस. त्यांनी कधी कोणावर हात उगारलेला मी पाहिला नाही, आवाजसुद्धा चढवत नसत. त्यांना राग आला की ते उठायचे, ओसरीच्या दाराशी वर बसवलेल्या मेन स्विचपाशी जायचे आणि त्याचा दांडा खाली ओढायचे. घर अंधारात बुडायचं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून, आत्याबाईंच्या माहेरचं कोणी न सांगता आलं म्हणून, कधी कारण न सांगताही. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. त्यांचा राग उतरला की दांडा वर जायचा. मध्ये कोणी बोलायचं नाही आणि मेनला तर हात लावायचाच नाही. लग्न झाल्यावर पहिल्यांदा असं झालं, तेव्हा मला वाटलं फ्यूज उडाला. मी टेस्टर घेऊन निघाले, तर आत्याबाईंनी अंधारातच माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. काही बोलल्या नाहीत. फक्त धरून ठेवलं.

आत्याबाई विजेच्या वस्तूंना हात लावत नसत. दिव्याचं बटन तेवढं दाबायच्या, तेही पदर बोटाला गुंडाळून. बायकांनी विजेच्या नादी लागू नये, असं मामाजींनी त्यांना लग्न झालं तेव्हाच सांगून ठेवलं होतं आणि त्या सांगण्याचा पगडा असा, की मी नसले तर मिक्सर तसाच राहायचा आणि त्या पाट्यावर वाटायच्या. माझ्याशी त्या वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. चांगल्या वागल्या असंही नाही. मी माहेरी निघून जायच्या आधीचे महिने त्या माझ्यासमोर आल्या की नजर खाली घालायच्या, आणि मुलाला एका शब्दानं बोलत नाहीत याचा मला राग होता.

तर त्या दिवशी मी वॉशिंग मशीनपासून सुरुवात केली. बटन बंद केलं, प्लग काढला, नळ बंद करून पाइप सोडवला, आतलं उरलेलं पाणी मोरीत सोडलं. वायर गुंडाळून मशीनच्या मागे बांधली. मग फ्रिज. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून ठेवा, असं मी निरोपानं कळवलं होतं. कोणी केला नव्हता. आत दूध होतं, कोथिंबीर होती, लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. मी एकेक वस्तू काढून ओट्यावर ठेवत होते, तेव्हा लक्षात आलं की आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत.

किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

मी वाकले, बटन बंद केलं आणि फ्रिजचा प्लग धरून काढला.

"वायर धरून कायले नाही ओढली?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी मला या विषयावर विचारलेला तो पहिला प्रश्न. मी सांगितलं की वायर ओढली तर आतले जोड निसटतात. प्लगच धरायचा, तोही आधी बटन बंद करून. लावताना उलट. आधी प्लग, मग बटन. त्यांनी मान हलवली, जणू मनात घोकत होत्या.

मग त्यांनी मागे वळून ओसरीकडे पाहिलं, आत आल्या आणि हातातलं गाठोडं ओट्यावर सोडलं. आत विजेची शेगडी होती. जुन्या घडणीची, मातीच्या चकतीत तारेची कॉईल बसवलेली, कडेला गंजलेली. तिची वायर बोटभर उरली होती. तुटलेली नव्हती. कोणीतरी सरळ कापली होती.

"माह्या भावानं देल्ली होती," आत्याबाई म्हणाल्या. "सुधाकर पोटात होता तवा. सकाळी चूल पेटवाले त्रास होते म्हणून."

वायर कोणी कापली हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. इतकी वर्षं ती त्यांनी कुठे ठेवली होती तेही नाही.

"हिले वायर जोडता येते का?"

"येते. देते जोडून."

"तू नोको जोडू," त्या म्हणाल्या. "मले दाखव."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं वय तेव्हा साठीच्या आसपास असेल. कपाळावर घाम होता आणि चेहरा अगदी शांत. मला वाटलं, घरातल्या वस्तू चालल्या म्हणून ही जुनी शेगडी बाहेर निघाली असेल. गॅस संपला तर अडीनडीला. मला घाईही होती. पण माझ्या वडिलांनी दुकानात "दाखवा" म्हणणाऱ्या कोणालाही कधी परत पाठवलं नव्हतं. मी माझ्या पिशवीतून जाड वायरचा तुकडा आणि एक नवा तीन पिनांचा प्लग काढला आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात फरशीवर बसलो.

आधी मी कॉईल तपासली. शाबूत होती. मग वायरचं टोक सोलायला त्यांच्या हातात दिलं. पहिल्यांदा त्यांनी वरच्या वेष्टणाबरोबर आतली तांब्याची तारही कापली. दुसऱ्यांदा बरोबर सोललं. भेंडीचे देठ कापतात तशी त्यांची सुरी हलकी होती, हे मी बघत राहिले. आत तीन रंगांच्या तारा निघाल्या. लाल, काळी, हिरवी. लालमधून वीज येते, काळीतून परत जाते, मी म्हटलं.

"आन हे हिरवी?"

"ही काही करत नाही. काही बिघडलं, शेगडीच्या लोखंडात वीज उतरली, तर ती ही आपल्यावर घेते आणि जमिनीत नेऊन सोडते. तोवर नुसती असते."

"नुसती असते," त्या म्हणाल्या.

प्लग उघडून मी दाखवलं की कुठली तार कुठल्या पिनेला. वरची जाड, मोठी पिन हिरव्या तारेची. ती मोठी कशाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, लांब असल्यामुळे ती आत पहिली जाते आणि बाहेर येताना सगळ्यांत शेवटी निघते. म्हणजे वीज आहे तोवर रक्षण आहे.

त्यांनी पिनेवरून बोट फिरवलं. "सासूसारखी म्हनावं तं सासूनं तसं केलं पाह्यजे," त्या म्हणाल्या आणि स्क्रू पिळू लागल्या.

मी उगाच त्यांच्या हाताखालची वायर सरळ करत राहिले.

ओसरीवरून मामाजींनी विचारलं की एवढा वेळ काय चाललं आहे. मी काही म्हणायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "काही नाही, फ्रिज सोडवून राह्यलो," आणि खालचा स्क्रू आवळला. खोटं बोलताना त्यांचा हात थांबला नाही.

शेगडी जोडून झाली तेव्हा मी त्यांना ओट्याजवळच्या सॉकेटवर लावून बघायला सांगितलं. त्या उठल्या. बटन बंद आहे ना पाहिलं, प्लग धरला आणि हात हवेत राहिला. मी मदत केली नाही. त्यांनी पदर बोटाला गुंडाळायला घेतला, मग तोही सोडून दिला. प्लग आत दाबला. बटन टाकलं. कॉईल आधी तशीच राहिली, मग मधोमध लाल होत गेली आणि तो लाल रंग कडेपर्यंत पसरला. जळक्या धुळीचा वास आला. आत्याबाई वाकून बघत होत्या. त्यांनी तळहात जरा वर धरून धग घेतली, मग बटन बंद केलं, प्लग काढला, प्लगलाच धरून, आणि कॉईल गार व्हायची वाट बघत शेजारी बसून राहिल्या. गार झाल्यावर शेगडी पुन्हा लुगड्यात बांधली.

"कशाला लागणार आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"असू दे," एवढंच म्हणाल्या आणि गाठोडं घेऊन आत गेल्या.

मिक्सर, कूलर, स्टॅबिलायझर सगळं अंगणात आणून ठेवलं. उरला गीझर. मी पुन्हा ओसरीवर गेले. मामाजींनी या वेळी पेपर खाली ठेवला, उठले, मेनपाशी गेले आणि दांडा खाली ओढला. पंखा मंद होत थांबला. तो दांडा ओढताना त्यांच्या चेहऱ्यावर नेहमी दिसायचं ते या वेळी नव्हतं. नुसते कंटाळलेले दिसत होते. मी त्यांना सांगितलं की काम झाल्यावर मीच आवाज देईन, तोवर लावू नका. ते हूं म्हणाले.

न्हाणीघर घराच्या मागच्या अंगाला. तिथून ओसरी दिसत नाही. पाणी मी आधीच बंद करून टाकी रिकामी केली होती. पायात रबरी चपला घालून लाकडी स्टुलावर चढले, गीझरचं झाकण काढलं, तारांना टेस्टर लावून खात्री केली. वीज नव्हती. या तारा मीच बसवलेल्या. पण ओलीनं स्क्रू गंजून गच्च झाले होते आणि भिंतीतून येणारी वायर आखूड पडत होती, म्हणून डाव्या हातानं उघडी तार धरून उजव्या हातानं स्क्रू पिळावा लागत होता. काम वेळखाऊ होतं. घाम डोळ्यांत येत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पहिली तार सुटली. दुसरीचा स्क्रू हलत होता.

तेव्हा ओसरीवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी कान दिला. मामाजींची पावलं मी ओळखत होते. चपलेची टाच घासत चालायचे. ती पावलं दाराच्या दिशेनं गेली. मी दोन्ही हात तारांवरून काढून घेतले आणि स्टुलावर तशीच उभी राहिले. आवाज देणार होते, पण त्याआधीच त्यांचा आवाज ऐकू आला. "बाजूला हो. एवढ्यात झालं असेल तिचं. जीव चालला उकाड्यानं."

आणि मग आत्याबाईंचा, "नाही झालं."

बाहेर अंगणात कोणाची तरी कोंबडी कडेकडेनं चालली होती, तिचा आवाज येत होता.

"मी म्हणतो बाजूला हो."

"ती खाली उतरल्याबिगर मेन लागनार नाही," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चहात साखर नाही हे सांगावं तसं बोलल्या. पण त्या घरात हे वाक्य कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि मला वाटतं मामाजींनीही नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता असं वाटतं, पण इतक्या लांबून तो ऐकू येणं शक्य नाही.

मामाजींना खरंच पंखा हवा होता की आणखी काही मनात होतं, हे मी कधी ठरवू शकले नाही. मला वाटतं नुसता पंखाच हवा होता. दुसरं कोणी तारांना हात लावून उभं आहे, हे त्यांच्या डोक्यात राहिलं नसेल. तेही काही कमी नाही.

"प्रमिला," आत्याबाईंनी हाक मारली. इतकी वर्षं त्या मला सूनबाई म्हणत आल्या होत्या. "तू कर तुह्यं काम. मी इथं उभी आहो."

शाळेत, दुकानात, आयटीआयमध्ये मला एक गोष्ट शिकवलेली होती. मेन दुसऱ्याच्या हातात असेल तर तारेला हात लावायचा नाही. खाली उतरायचं, स्वतः जाऊन बघायचं, शक्य झालं तर फ्यूजच काढून खिशात ठेवायचा. मी उतरायला एक पाय खालीही घेतला. मग परत वर घेतला. आयुष्यात तो नियम मी एकदाच मोडला. उघडी तार हातात धरली आणि दुसरा स्क्रू पिळायला लागले.

स्क्रू सुटला. तिसरा सुटला. भिंतीतल्या तारांची टोकं मी वेगवेगळी टेपनं गुंडाळली, कोणाचा हात लागला तरी काही होऊ नये म्हणून. गीझर खुंट्यांवरून उचलून खाली घेतला. सगळं झाल्यावर मी ओसरीवर गेले.

आत्याबाई मेन स्विचखाली भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. मामाजी परत खुर्चीत बसले होते आणि पेपर मांडीवर पडला होता. ते पेपर वाचत नव्हते आणि आत्याबाईंकडे बघतही नव्हते. अंगणाकडे बघत होते.

"झालं," मी म्हटलं.

आत्याबाईंनी वर पाहिलं, टाचा उंचावल्या, हात लांब केला आणि मेनचा दांडा वर केला. पदर गुंडाळला नव्हता. पंखा फिरायला लागला. त्या आत निघून गेल्या आणि जरा वेळानं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या.

गजू टेम्पो घेऊन आला. वस्तू चढवल्या. मी मामाजींना नमस्कार केला, त्यांनी हात वर केला की नाही ते मी बघितलं नाही. आत्याबाई फाटकापर्यंत आल्या. मला वाटलं काही बोलतील. त्या फक्त म्हणाल्या की फ्रिज लागलीच चालू करू नको, हललेला आहे, थोडा बसू दे. सकाळी गजूला फोनवर मी हेच सांगत होते, ते त्यांनी ऐकलं असणार.

वर्ध्याला आल्यावर मी वडिलांच्या दुकानात बसू लागले. पुढे तिथल्याच एका प्रशिक्षण केंद्रात मला शिकवायचं काम मिळालं. परतवाड्याचं नाव घरात कोणी काढत नसे. त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास गजू अकोटकडे माल पोचवायला गेला होता. परत आल्यावर जेवताना त्यानं सहज सांगितलं की अंजनगावला तुझी सासू दिसली. बाजारात वांगी घेत होती. एकटी राहते म्हणाली. तुला ये म्हणून सांगितलंय.

मला खरं वाटेना. पुढच्याच रविवारी मी गेले.

अंजनगाव सुर्जीला त्यांचं माहेर. भाऊ वारला होता, वाड्याची वाटणी होऊन गेली होती, पण मागच्या बाजूची एक खोली आणि तिच्यापुढचा पानवेलीचा तुकडा वडिलांनी मुलीच्या नावानं ठेवला होता. ती खोली मी शोधत गेले. आत्याबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि मी वाकायच्या आत माझे हात धरले.

आत गेल्यावर मी सवयीनं आधी भिंतीकडे बघितलं. खाली तीच शेगडी होती आणि वर एका लाकडी फळीवर दिव्याचं बटन, एक सॉकेट आणि फ्यूज. गावातल्या वायरमननं बसवून दिलं होतं, पण तो हिरवी तार जोडत नव्हता, काही लागत नाही म्हणत होता. आत्याबाईंनी त्याला दारातच अडवला आणि अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून तार पुरल्याशिवाय जाऊ दिलं नाही. हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले आहेत हे मला तेव्हा कळलं. नऊ वर्षं एका घरात राहून कळलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी विचारलं. शेगडी जोडून घेतली तेव्हाच यायचं ठरलं होतं का?

त्यांनी तुरीचं सूप पुन्हा पुढे ओढलं.

"मनात होतं," त्या म्हणाल्या. "मनात तं सुधाकर पोटात होता तवापासून होतं. पर भेव वाटे. ह्यायले राग आला तं काय होईन, काय होईन, असं. त्या दिवशी मेनपाशी उभी राह्यली, तवा मले वाटलं आता होते. आता कायतरी होते." त्यांनी सूप पाखडलं. "काहीच नाही झालं, पोरी. तो मानूस जाऊन खुर्चीत बसला."

मामाजी त्यांना न्यायला आले होते का, हेही मी विचारलं. आले होते, दोनदा. एकदा सुधाकरला घेऊन. आत्याबाईंनी दोघांना जेवू घातलं, सांजेच्या गाडीपर्यंत बसवलं आणि येत नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षांत मामाजी दर पोळ्याला एकटे येत, दुपारभर दारातल्या बाजेवर बसत आणि परत जात. मेले तेव्हा आत्याबाई परतवाड्याला जाऊन तेराव्यापर्यंत राहिल्या, चौदाव्या दिवशी आपल्या खोलीवर परत आल्या.

मी पुढे दरवर्षी जात राहिले. कधी उन्हाळ्यात, कधी दिवाळीच्या आधी. त्या शेवटी आजारी पडल्या तेव्हा मीच त्यांना वर्ध्याला आणलं. सुधाकर आला, तोही होता. पण ते नंतरचं.

त्या पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्याबाई बसस्टँडपर्यंत सोडायला आल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या शेजारच्या बाईनं, पानाच्या टोपल्या धूत होती ती, मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, ही कोण पाहुणी म्हणावी.

मी अवघडले. काय सांगणार? आमच्यात आता कुठलं नातं उरलेलं नव्हतं, कोर्टानं तसं सांगितलं होतं.

आत्याबाई थांबल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लेकाची बायको होती," त्या म्हणाल्या. "आता माह्यी आहे."

आणि बस निघून जाईल म्हणून मला पुढे घालून झपाझप चालायला लागल्या.